आली की कळेल

आमच्या सोसायटीतलं एकही कुटुंब नेऱ्यात राहत नाही. आम्ही सगळे 'न्यू पनवेलच्या जरा पुढं' राहतो. या 'जरा'मध्ये सुकापूर, आणखी तीन-चार गावं, रस्त्यात बसलेल्या म्हशी आणि पावसाळ्यात दोन तळी मावतात. पाहुणे घर शोधत शोधत शांतिवनाची पाटी ओलांडतात आणि फोन करून म्हणतात, "अहो, इथं तर नेरे लिहिलंय!" मग आम्ही आवाज खाली घेऊन म्हणतो, "हो, तेच."

फ्लॅट बुक केला तेव्हा बिल्डरने एक गुळगुळीत माहितीपत्रक दिलं होतं. त्यात इमारतीच्या डोक्यावरून विमान चाललं होतं आणि खाली हिरवळीवर आई, बाबा, दोन मुलं आणि एक सोनेरी कुत्रा असे पाचही जण हसत होते. 'विमानतळ काही मिनिटांवर' असं खाली छापलं होतं. विमानतळाच्या जागी तेव्हा उलव्याची टेकडी होती, त्यामुळे काही मिनिटांत पोचलो असतो तरी पुढं चढावंच लागलं असतं. केंद्रीय मंत्रिमंडळाने या विमानतळाला २००७ साली मंजुरी दिली आणि भूमिपूजन झालं २०१८च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात टेकडीला कसलीच घाई नव्हती. आम्हाला मात्र होती. एकदा स्टेशनबाहेर मी रिक्षावाल्याशी विमानतळाबद्दल तावातावाने बोलत होतो. तो शांतपणे म्हणाला, "दादूस, इमान येल तवा येल, आदी रिक्षान बसा."

हे सगळं मी नशीब म्हणून सोसत होतो. हा विनोदाचा प्रकार आहे आणि त्याला राष्ट्रीयत्वही आहे, हे मला २०२५च्या गणपतीत कळलं. त्या वर्षी आमच्याकडे एकाच वेळी दोन परदेशी पाहुणे उतरले. एक माझे मेहुणे. ते इंग्लंडात स्लाऊ नावाच्या गावी असतात. या गावाचं स्पेलिंग असं आहे, की आम्ही वीस वर्षं त्याला 'स्लफ' म्हणत होतो आणि मेहुण्यांनी एकदाही दुरुस्ती केली नाही. दुसरी माझी धाकटी बहीण, मुक्काम न्यू जर्सी. ती पहिल्याच दिवशी सगळ्यांची सगळी दुरुस्ती करते.

गणपती बसले, जेवणं झाली आणि टीव्हीचा रिमोट कोणाकडे, या सनातन प्रश्नाला आंतरराष्ट्रीय वळण लागलं. दोघांनाही 'द ऑफिस' बघायचं होतं. मला वाटलं, तंटा मिटला. पण ही ऑफिसं दोन निघाली. मूळ मालिका ब्रिटिश, २००१ची आणि नेमकी स्लाऊमधल्या एका कागदाच्या कंपनीत घडणारी. तिचे नाताळच्या खास भागांसह अवघे १४ भाग. अमेरिकन अवतार २००५ साली सुरू झाला तो २०१३ साली २०१ भाग करूनच थांबला.

"चौदा?" धाकटी म्हणाली. "आपल्याकडे चौदा भागांत सून उंबरठ्यावरचं माप तरी ओलांडते का?"

"म्हणायचं तेवढं म्हणून झालं," मेहुणे म्हणाले. ते फार बोलत नाहीत. इंग्लंडात राहून त्यांना शब्दही जपून खर्च करायची सवय लागली आहे.

त्या रात्री आम्ही दोन्ही ऑफिसांत हजेरी लावली. दोन्हीकडचा साहेब एकाच जातीचा आहे. आपण फार विनोदी आहोत, हाताखालच्या लोकांचे लाडके आहोत, अशी त्याची समजूत. फरक एवढाच, की ब्रिटिश साहेबाला ती समजूत भोवते. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस त्याची नोकरी जाते आणि ठेवून घ्या म्हणून तो ज्या काकुळतीने विनवतो, ते बघताना हसू घशातच अडकतं. अमेरिकनांनी पहिल्या सहा भागांत साहेब जवळपास तसाच ठेवून पाहिला. मग त्यांच्या लक्षात आलं, की या माणसाला वर्षानुवर्षं दर आठवड्याला घरात घ्यायचं आहे. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी साहेबाला थोडं प्रेमळ केलं आणि अधूनमधून कामही जमायला लावलं. शेवटी तो लग्न ठरवून, सगळ्यांचे डोळे ओले करून निघून जातो.

"बघ दादा," धाकटी डोळे पुसत म्हणाली, "माणूस सुधारतो."

"माणूस नाही, करार सुधारतो," मेहुणे म्हणाले.

मेहुण्यांचं म्हणणं अगदीच खवट नव्हतं. अमेरिकेत मालिकेचे शंभरेक भाग झाले, की ती इतर वाहिन्यांना पुन्हा पुन्हा दाखवायला विकता येते आणि खरा पैसा तिथं असतो. म्हणून वर्षाला बावीस-चोवीस भाग पाडायचे आणि त्यासाठी डझनभर लेखक एका खोलीत कोंडायचे. बीबीसीचा कारभार लोकांनी भरलेल्या लायसन्स फीवर चालतो. तिथं एक-दोन माणसं घरी बसून सहा भाग लिहितात आणि मग दमतात. 'फॉल्टी टॉवर्स'चे बारा भाग जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी मिळून लिहिले: सहा १९७५ साली, सहा १९७९ साली. गिऱ्हाईक दिसलं की ज्याच्या कपाळावर आठी चढते, अशा हॉटेलमालकाची ही गोष्ट. तिचं एक अमेरिकन रूपांतर १९८३ साली झालं. त्यात त्यांनी या खडूस मालकालाच वगळलं आणि त्याच्या जागी एक बाई आणली. ते लवकरच बंद पडलं. पुण्यातल्या जुन्या दुकानातून दुपारची झोप काढून टाकावी, तशातला तो प्रकार.

दुसऱ्या दिवशी लढाई खरोखरच लढाईवर गेली. धाकटीने 'मॅश' काढली. कोरियन युद्धातल्या फिरत्या इस्पितळाची ही मालिका १९७२ ते १९८३ चालली. युद्ध तीन वर्षांचं, मालिका अकरा वर्षांची. शेवटच्या भागात युद्ध संपतं, मंडळी घरी निघतात. एक मित्र जाता जाता दगड मांडून निरोपाचा शब्द लिहून ठेवतो आणि तो दुसऱ्याला वर गेलेल्या हेलिकॉप्टरमधून दिसतो. आमच्या घरात उपस्थित सर्व जण रडले, शेजारचे काकासुद्धा. काका साखर मागायला आले होते.

मेहुण्यांनी उत्तरादाखल १९८९चं 'ब्लॅकॅडर' लावलं. पहिल्या महायुद्धातला खंदक, सहा भाग. पाच भाग आणि वर वीसेक मिनिटं हा इरसाल कॅप्टन मरणातून सुटायच्या युक्त्या लढवतो. मग शिट्टी वाजते आणि सगळे खंदकातून बाहेर, बंदुकांच्या तोंडी जातात. कोणी वाचत नाही. पडद्यावर फक्त पॉपीच्या फुलांचं शेत उरतं.

"ही कॉमेडी आहे?" काकांनी साखरेची वाटी खाली ठेवली.

"होती," मेहुणे म्हणाले.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला त्या दोन देशांच्या इतिहासाइतकी मोलाची वाटते. 'मॅश'ला अमेरिकेत ध्वनिमुद्रित हशा जोडलेला होता. फक्त शस्त्रक्रिया चालू असताना तो बंद असे. तीच मालिका बीबीसीने दाखवली ती हशा काढून. म्हणजे अमेरिकन माणसाला हसताना सोबत लागते आणि ब्रिटिश माणसाला एकांत. धाकटीने लगेच 'साइनफेल्ड'चा दाखला दिला. त्या मालिकेत कोणी कोणाला मिठी मारायची नाही आणि कोणी काही धडा शिकायचा नाही, असा लेखकांचा नियमच होता. मेहुणे विचारात पडले. "तो अपवाद चांगला आहे," असं ते म्हणाले. आमच्याकडे याला शरणागती म्हणतात.

इतका वेळ बायको वाती वळत होती. ती म्हणाली, "आपले चिमणराव कुठल्या पार्टीचे?"

सगळे गप्प झाले. चिं. वि. जोशींचे चिमणराव मुंबई दूरदर्शनवर आले ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चाळीत ज्या एका घरी टीव्ही होता तिथं दारात चपलांचा डोंगर व्हायचा. चिमणरावांचं काही धड होत नाही, म्हणजे ते ब्रिटिश. पण ते एकटे कधीच नसतात. गुंड्याभाऊ आहे, काऊ आहे, मोरू आहे, म्हणजे अमेरिकन? तेही नाही, कारण ही मंडळी त्यांना सुधारत नाहीत. नुसती हजर असतात, बघतात आणि वर शेरा मारतात. पुढं 'श्रीयुत गंगाधर टिपरे'तही तेच. घरातल्या भानगडी घरातली माणसं करतात आणि आबा बसल्या जागी सगळं टिपून घेतात. 'बटाट्याची चाळ' तर उघडउघड एकमेकांच्या दारात डोकावणाऱ्यांचीच आहे.

बायकोचा प्रश्न तसाच राहिला. त्याचं उत्तर मला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लिफ्टमध्ये सापडलं.

पाचव्या मजल्यावर आरतीचं बोलावणं होतं. मी, मेहुणे, धाकटी आणि एकवीस मोदकांचं ताट लिफ्टमध्ये शिरलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये लाईट गेली. मेहुण्यांचा कोपर भिंतीला लागला. ते अंधारात म्हणाले, "सॉरी." कोणाला, ते अजून कळलेलं नाही. त्यानंतर ते दाराकडे तोंड करून उभे राहिले. जणू लिफ्ट चालूच आहे आणि मजला यायचाच बाकी आहे. धाकटीने आम्हा दोघांचे हात धरले. "आपण यातून एकत्र बाहेर पडू," ती म्हणाली. "दादा, तुला आत्ता काय वाटतंय ते बोल." मला मोदक खावासा वाटत होता, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी लहानपणीची एक आठवण सांगितली. आमच्या दोन चौरस मीटरच्या डब्यात पूर्ण ब्रिटिश आणि पूर्ण अमेरिकन मालिका एकाच वेळी चालू होती.

तेवढ्यात वरच्या फटीतून वॉचमनचा आवाज आला.

"कोण आहे?"

"आम्ही तिघं!"

"लाईट गेलीये."

"ते कळलं. येणार कधी?"

"आली की कळेल."

"अरे, जनरेटर आहे ना?"

"आहे की."

"मग लाव!"

"डिझेल नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "मोदक बरे आहेत ना?"

हळूहळू जिन्यावर माणसं जमली. काहींनी मोबाइलचे दिवे लावले. एकाने चटई आणली. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "आत कोण कोण आहे?" आणि आमची यादी वंशावळीसह वाचली गेली. काकांनी गेल्या वर्षी याच जागी अडकलेल्यांची हकीकत सांगितली. ती ऐकताना आम्ही तिघंही आतून हसत होतो. आमच्यावर सूचनांचा वर्षाव झाला: उड्या मारू नका, उड्या मारून बघा, ताट खाली ठेवा, ताट खाली ठेवू नका. शेवटी कोणीतरी म्हणालं, "आरतीची वेळ टळतेय, ते आतून म्हणतील." आणि जिन्यातच आरती सुरू झाली. बाहेर टाळ्या, आत टाळ्या. मेहुण्यांना सगळी आरती पाठ होती आणि तिसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

तिथं मला उत्तर मिळालं. ब्रिटिश विनोद अडकलेल्या माणसाचा. तो सुटला, की गोष्ट संपली, म्हणून ते त्याला सोडवत नाहीत. अमेरिकन विनोद अडकलेल्यांनी एकमेकांचे हात धरण्याचा. आपला विनोद लिफ्टच्या बाहेर, जिन्यावर बसलेला असतो. त्याला आतल्या माणसाची कीव येत नाही आणि त्याला सुधारायचंही नसतं. पण तो उठून जात नाही. दार उघडेपर्यंत बसून राहतो, चटई टाकून.

चाळीस मिनिटांनी लाईट आली आणि लिफ्ट आम्हाला घेऊन खाली गेली. तळमजल्यावर ताटात चौदा मोदक होते. याबद्दल तिघांनीही आजवर मौन पाळलं आहे. तेवढं मात्र ब्रिटिश.

त्यानंतर ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, विमानं उडू लागली. माहितीपत्रकातलं एक चित्र खरं ठरलं. मी दोन्ही देशांना कळवलं. धाकटीचं उत्तर आलं ते आधी हृदयाच्या चित्रांनी आणि मग 'मी म्हटलं नव्हतं का, दादा!' या वाक्याने भरलेलं. मेहुण्यांनी दुसऱ्या दिवशी एकच ओळ पाठवली: 'वाईट झालं, भाऊजी. आता तुम्ही बोलणार कशावर?'

मला क्षणभर खरंच काळजी वाटली. पण परवा संध्याकाळी खाली उतरलो तर लिफ्टच्या दाराला सोसायटीची सूचना लटकवलेली होती: 'लिफ्ट बंद आहे.' त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'विमानतळ चालू आहे.'

मी वॉचमनकडे पाहिलं. त्याने मान हलवली, तो नव्हे. मग मी जवळ जाऊन नीट पाहिलं. अक्षर ओळखीचं होतं. दर महिन्याला वाणसामानाच्या यादीत मी तेच वाचतो.