पुरोगामी, पोटजातीपर्यंत

फ्रीमाँटचे काका कट्टर पुरोगामी. दारात ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ची पाटी, गाडीवर बर्नी सँडर्सचं स्टिकर. स्थलांतरितांचे हक्क, समलिंगी विवाह, सरकारी आरोग्यविमा, सगळ्याला त्यांचा जाहीर पाठिंबा. २०२३च्या फेब्रुवारीत सिएटलने जातिभेदावर बंदी घातली आणि पाठोपाठ कॅलिफोर्नियातही तसंच विधेयक आलं, तेव्हा मात्र काका खवळले. “इथे जात आहेच कुठे? उगाच आपल्या लोकांची बदनामी!”

ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. आहेत ते कायदे पुरेसे आहेत, म्हणाले. काकांचा जीव भांड्यात पडला. मग निवांतपणे त्यांनी चिरंजीवांचं स्थळ नोंदवलं: ग्रीनकार्डधारक, निर्व्यसनी, उदारमतवादी. अपेक्षा: मुलगी स्वतंत्र विचारांची हवी, पोटजात मात्र आमचीच.