जास्तीत जास्त किती?

आमच्या शेजारच्या भाऊकाकांना कुठल्याही गोष्टीची आधी हद्द कळावी लागते. लिफ्टमध्ये शिरले की पहिल्यांदा पाटी वाचतात, "8 व्यक्ती, 544 किलो," आणि मग आत उभ्या असलेल्या सगळ्यांवर वजनकाट्यासारखी नजर फिरवतात. कुणी नव्या गाडीचे पेढे आणले तर पेढा तोंडात असतानाच, "जास्तीत जास्त किती पळते?" पळवणार कुणीच नसतं. वर्धा रोडवर चाळीसच्या पुढे काटा जात नाही. पण कुठवर जाऊ शकते हे कळल्याशिवाय पेढा घशाखाली उतरत नाही. काकू सांगतात, लग्नात यांनी भटजींना विचारलं होतं की सातावर पावलं वाढवता येतात का.

उन्हाळा म्हणजे तर काकांचा सीझन. पेपरातलं तापमान ते एका जाड डायरीत उतरवतात, कमाल आणि किमान असे दोन रकाने आखून. रात्री नवाच्या सुमारास चंद्रपूरच्या साडूंचा फोन येतो. नमस्कार, चमत्कार काही नाही. "तुमचं किती?" चंद्रपूर बहुतेक वेळा अर्धा-एक अंश पुढे असतं आणि काकांचा चेहरा पडतो. मग ते म्हणतात, "तुमच्याकडे वीज केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत, ते धरू नये." साडू म्हणतात, "हवामान खातं धरते नं!"

यंदा नवतपा लागला आणि काकांची भाची सुटीला आली. पुण्यात फिजिक्समध्ये एमएस्सी करते. कूलरसमोर बसल्या बसल्या तिच्या तोंडून निघून गेलं की थंडीला शेवट असतो. उणे 273.15, त्याच्या खाली काही नाही. काका खूश. डायरीच्या किमान रकान्यात सगळ्यात खाली आकडा लिहून त्याच्याखाली त्यांनी दुहेरी रेघ मारली. मग पेन तसंच धरून, "खालचं झालं. आता वरचं बोल."

"वरचं तसं ठरलेलं नाही, मामा."

काकांनी पन्ह्याचा ग्लास खाली ठेवला. "जोतं आहे अन् छप्पर नाही? असं घर कोण बांधते?"

त्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. उष्णता म्हणजे कणांची धावपळ, हे त्यांना शाळेतलं आठवत होतं. प्रकाशाच्या वेगापुढे कुणी जात नाही, हेही माहीत. मग धावणार किती? सेकंदाला 3 लाख किलोमीटर, तिथेच तापमान थांबलं, झाला निकाल. भाची म्हणाली, वेग थांबतो, ऊर्जा थांबत नाही. जिनिव्हाच्या सर्नमध्ये प्रोटॉन प्रकाशाच्या अगदी लगोलग धावतात. त्यांना आणखी ढकललं तर वेग नावापुरता वाढतो, ऊर्जा मात्र वाढतच राहते. काका गप्प झाले, पण पेन खाली ठेवलं नाही.

मग त्यांनी भाजीबाजारातला मार्ग धरला. "बरं, तुझं नको, माझं नको. मोठ्यात मोठा आकडा कुणी सांगितला?"

इथून पुढे दोन दिवस त्या घरात घासाघीस चालली. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार, गाभा दीड कोटी. काका म्हणाले, चिल्लर सांगू नको. मग हागेडॉर्न आले. सर्नमध्येच काम करणाऱ्या या माणसाने 1965 मध्ये सुचवलं की सुमारे 2 लाख कोटी अंशांना पदार्थ तापायचा थांबतो. ओतलेली ऊर्जा तापमान वाढवण्याऐवजी नवे नवे कण घडवण्यात खर्च होते. काकांनी आकडा लिहून खाली रेघ मारायला घेतली, तेवढ्यात भाची म्हणाली, "पण तिथे कण फुटतात अन् आतले क्वार्क मोकळे होतात. सर्नमध्ये शिशाचे अणुगर्भ आपटून माणसानं 5 लाख कोटींच्या वरचं तापमान केलंय." रेघ अर्ध्यावर राहिली. आणि मॅक्स प्लांकने 1899 मध्ये मांडलेल्या एककांतून निघणारं तापमान? 14 वर 31 शून्यं. काकांनी ती बोटाने मोजत लिहिली, एक जास्त पडली, खोडली. "हे शेवटचं?" "शेवटचं म्हणजे, तिथे गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम दोन्ही एकदम लागतात आणि त्या दोघांचा मेळ घालणारं पक्कं गणित कुणाकडे नाही. भिंत आहे असं नाही, आपला टॉर्च तिथवरच पोचतो." काका म्हणाले, "म्हणजे पाटी लावायचीच राहिली म्हण." पाटी नसलेल्या लिफ्टमध्ये काका चढत नाहीत.

दुसऱ्या रात्री आम्ही सगळे गच्चीवर गाद्या टाकून पडलो होतो. भाचीने तिथेच शेवटचा बॉम्ब टाकला: त्या थंडीच्या शेवटाला शून्य धरून मोजलं तरी उणे येणारं तापमान, आणि तेही अनंताच्या पलीकडचं गरम. काका उठून बसले.

"समजा घराला दोनच मजले. खाली घर, वर गच्ची, त्याच्या वर काही नाही. तापायला लागलं की माणसं वर येतात. निम्मी खाली, निम्मी वर झाली की गणितात तापमान अनंत येतं. आणखी तापवून वर जास्त, खाली कमी अशी स्थिती आली, की गणित उणे आकडा देतं. असं घर दुसऱ्या कुठल्याही घराला टेकवा, उष्णता याच्यातूनच तिकडे जाणार. म्हणजे जास्त गरम हेच. 1951 मध्ये हार्वर्डला पर्सेल आणि पाउंड यांनी लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकात हे करून दाखवलं."

काकांनी अंधारात गाद्या मोजल्या. वर आम्ही सगळे, खाली एकट्या आजी, त्याही गुडघ्यांमुळे. तेवढ्यात फोन वाजला.

"आमचं 47," साडू म्हणाले. "तुमचं?"

"आमचं उणे!" आणि काकांनी जिन्यापासून टाकीपर्यंत फेऱ्या मारत साडूंना मजले, गाद्या, लिथियम सगळं ऐकवलं. मध्ये एकदाही चंद्रपूर बोललं नाही. इतकं शांत चंद्रपूर आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी साडूंनी विचारलं, "मंग हे उणे जास्तीत जास्त किती?"

काकांनी फोनवर हात ठेवला आणि भाचीची चादर ओढली.