सरकीची पुडी आणि महासत्ता : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

अमेरिका आणि चीन यांचं तंत्रज्ञानावरून युद्ध जुंपलंय, असं टीव्हीवर रोज सांगतात. चिप, उपग्रह, फाइव्ह-जी वगैरे. बीड जिल्ह्यातल्या माणसाला या युद्धात उतरायचं असेल तर त्यानं काय करावं, ते मात्र कुणी सांगत नाही. ही मार्गदर्शिका त्यासाठी. पूर्वज्ञानाची अट नाही. गेवराई, माजलगाव, वडवणी भागात दोन एकर काळं रान असलं तर उत्तम. नसलं तर बटईनं करा.

साहित्य : बीटी सरकीची एक पुडी आणि पक्की पावती. पुडी 475 ग्रॅमची. तिची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवून देतं. 2025 च्या हंगामाला 901 रुपये होती. एवढ्या पैशात जागतिक राजकारणात दुसरीकडं कुठं शिरकाव मिळत नाही.

पहिली पायरी, शेजार ओळखा. आपल्या उत्तरेला जालना. तिथं बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाणं कंपनी काढली, 1998 मध्ये अमेरिकेच्या मॉन्सॅन्टोनं तिच्यात 26 टक्के भाग घेतला, आणि 26 मार्च 2002 रोजी बोंडअळी मारणारं अमेरिकेचं बीटी जनुक, नाव बोलगार्ड, भारतीय कापसात रीतसर मंजूर झालं. जालन्याला लागून औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथल्या नाथ सीड्सनं चिनी कृषी विज्ञान अकादमीचं जनुक आणलं. त्याला 2006 मध्ये मंजुरी मिळाली. त्याच वर्षी खरगपूरच्या आयआयटीचंही एक जनुक बाजारात उतरलं. तिघांच्या शर्यतीत बाजी मारली ती मॉन्सॅन्टोच्या बोलगार्ड-2 नं. पुढं 2018 मध्ये मॉन्सॅन्टोला जर्मनीच्या बायरनं विकत घेतलं, तेव्हा इथून पुढं अमेरिका म्हटलं की जर्मनी समजायचं. चीननं त्याच्या आदल्या वर्षी स्वित्झर्लंडची सिंजेंटा घेतली होती. दुकानदाराला हे विचारत बसू नका. मृगात त्याला सवड नसते.

दुसरी पायरी, स्वामित्वशुल्क भरा. हे तुम्ही न कळतच केलेलं असणार. सुरुवातीच्या काळात पुडी सोळाशेच्या पुढं होती आणि तिच्यातला मोठा वाटा जनुकाच्या मालकाचा होता. गंमत अशी की पहिल्या बोलगार्डच्या जनुकाला भारतात पेटंट नव्हतंच. सगळा व्यवहार कंपन्या-कंपन्यांमधल्या करारावर चालला होता, आणि भरणारे आपण. 2006 मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडं गेलं, तेव्हा पुडी साडेसातशेवर आली. 2016 पासून केंद्रानं हा वाटाही ठरवून द्यायला सुरुवात केली : आधी 49 रुपये, मग 39, मग 20, आणि 2020 मध्ये शून्य.

बोलगार्ड-2 ला मात्र पेटंट होतं. त्यावरून मॉन्सॅन्टो आणि हैदराबादची नुझिवीडू सीड्स दिल्लीच्या कोर्टात भिडले. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 3(जे) प्रमाणे झाड, बी किंवा त्यांचा कुठलाही भाग यांवर पेटंट मिळत नाही. मग बियात बसलेलं जनुक हा बियाचा भाग की प्रयोगशाळेतलं रसायन? एप्रिल 2018 मध्ये उच्च न्यायालयानं पेटंट रद्द केलं, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवून खटला पुन्हा खाली पाठवला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पेटंटची मुदतच संपली. खटला त्यानंतरही जगला. 2021 मध्ये दोघांनी आपसांत मिटवलं. मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं ते राहिलंच.

तिसरी पायरी नीट वाचा, खरी मेख इथं आहे. आता पेटंट संपलं, शुल्क शून्य झालं. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम 39 तर सांगतं की शेतकऱ्यानं बी राखावं, पेरावं, वाटावं, विकावंसुद्धा. फक्त कंपनीच्या नावानं विकू नये. असा उदार कायदा जगात फार ठिकाणी नाही. तेव्हा यंदाची सरकी जिनिंगमधून परत आणा आणि पुढच्या जूनमध्ये लावून बघा.

रान एकसारखं उगवणार नाही. एक झाड कमरेला, एक गुडघ्याला, एक बोंडांविना. बोलगार्डचं एकच जनुक धरलं तर चारातलं एक झाड त्याच्याविनाच निघेल. कारण पुडीतली सरकी संकरित असते, आणि संकराची करामत एका पिढीपुरतीच. तिचे नर-मादी वाण कंपनीच्या कुलपात. ते ज्याच्याकडं, त्याच्याकडं दरवर्षीचं गिऱ्हाईक. आपण वीस वर्षं पेटंटच्या नावानं खडे फोडले आणि ज्या कुलपाला ना मुदत ना कोर्ट, त्याकडं कुणी बघितलं नाही. कायद्यानं दिलेला हक्क संकरानं काढून घेतला, असं माझं स्पष्ट मत आहे.

चिनी लोकांनी ते कुलूप बरोबर ओळखलं होतं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या आयोवात मक्याच्या रानात एक चिनी माणूस उकरताना सापडला. पुढं एफबीआय मागं लागली, त्या टोळीतल्या मो हायलाँग नावाच्या व्यापाऱ्याला 2013 मध्ये अटक झाली आणि 2016 मध्ये तीन वर्षांची शिक्षा. या टोळीनं काही बी मायक्रोवेव्हच्या पॉपकॉर्नच्या खोक्यांत लपवून विमानानं न्यायचा बेत केला होता. दुकानात मिळणारा संकरित मका त्यांना नको होता, त्याचे आईबाप हवे होते. चोरी ती चोरीच, पण निवड अभ्यासू.

कापसात तर त्यांना चोरी करावीच लागली नाही. नव्वदच्या दशकात त्यांच्या सरकारी शास्त्रज्ञांनी स्वतःचं बीटी जनुक तयार केलं, पिवळ्या नदीच्या खोऱ्यात ते सरळ, म्हणजे संकर नसलेल्या, वाणांत घातलं, आणि हेबेई प्रांतात आधी शिरलेल्या मॉन्सॅन्टोकडून बहुतेक बाजार काढून घेतला. आपणही तोच प्रयत्न केला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं धारवाडच्या विद्यापीठाच्या साथीनं बिकानेरी नर्मा हे सरळ वाण बीटी करून 2009 मध्ये बाजारात आणलं. बी घरचं वापरा, दरवर्षी दुकानाची पायरी नको. तपासणीत त्यात मॉन्सॅन्टोचंच जनुक निघालं. वाण मागं घेतलं, चौकशी समिती बसली, अहवाल आला. एवढंच.

चौथी पायरी ऐच्छिक आहे आणि तिची शिफारस आम्ही करत नाही. गावात कुणी हळू आवाजात ‘चोर बीटी’ आहे म्हणालं तर ती तणनाशक सोसणारी सरकी. तिच्या मंजुरीचा अर्ज महिकोनं 2016 मध्ये मागं घेतला, बियाणं मात्र मागं हटलं नाही. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं ते उघडपणे पेरलं. तेव्हा अशा पेरणीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होता. खुरपणीच्या मजुरीचा हिशेब ज्यानं केलाय, त्याला हा मोह का होतो ते समजतं. पण पावती नाही, त्यामुळं नाही उगवलं तर भांडायला समोर कुणी नाही.

पाचवी पायरी, प्रतिस्पर्ध्याची दखल घ्या. गुलाबी बोंडअळीनं कुणाकडून परवाना घेतला नाही, तरी संशोधनात ती सर्वांच्या पुढं आहे. बोलगार्ड तिनं पचवलं, मग बोलगार्ड-2 पचवलं, आणि 2017 मध्ये मराठवाड्यातली बोंडं आतून पोखरून दाखवली. तिला आपण मदतही भरपूर केली. अळीला विषाची सवय लागू नये म्हणून कडेनं पेरायला दिलेली बिगरबीटीची छोटी पुडी बांधावर फेकली आणि पाण्याची सोय होती तिथं फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड, म्हणजे वेचून झालेलं जुनंच पीक, ठेवली. शिवाय संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही दाणे विषारी, काही बिनविषारी; अळीला विषाची सवय लावायला याहून चांगली शाळा नाही. अमेरिकेनं वंध्य केलेले पतंग सोडून, कामगंध सापळे लावून आणि बीटी वापरून 2018 मध्ये ही अळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. आपल्याकडं कामगंध सापळे बहुतेक वेळा अळी आत शिरल्यावर लागतात, आणि वेचणीच्या ऐन वेळी मजूर उचल घेऊन ऊसतोडीला निघालेले असतात.

हे सगळं झेपणार नसेल तर सीताफळ लावा. ‘बीड सीताफळ’ला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे इथं बौद्धिक संपदेची मालकी आपल्याकडं. बालाघाटच्या डोंगरात ते खडकातही येतं. झाड मूळचं अमेरिका खंडातलं, पण त्यावर कुणी हक्क सांगायला आलेलं नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवा, त्याचा अर्ज असतो. आणि काढणी अगोदर ठरवून ठेवा : पिकल्यावर दोन-तीन दिवसांत फळ हातात फुटतं, त्यामुळं नक्कल करणाऱ्यालाही फार वेळ मिळत नाही.