पान ११२

आमच्या खोलीत चार खाटा आहेत. तीन खाटांवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालतो आणि चौथीवर कप्तान असतो. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही कॉट बेसिसवर राहतो. रात्री दहा वाजता चारही खाटांवर पुस्तकं उघडतात. कप्तानाचं पुस्तक सगळ्यांत जाड. राज्यघटनेवरचं. पण त्या पुस्तकाच्या पोटात बरोबर मावेल असं दुसरं पुस्तक शोधण्यात त्याने अप्पा बळवंत चौकातल्या आणि आसपासच्या फुटपाथांवर दोन वर्षं घालवली आहेत. सध्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात एक जहाज बुडतं आहे. राज्यपालांच्या अधिकारांपाशी नरभक्षकांनी तळ ठोकला आहे. मागच्या पूर्व परीक्षेत राज्यपालांवर प्रश्न आला, तेव्हा आपल्याला नुसत्या ढोलांचा आवाज येत होता, असं त्याने निकालानंतर प्रामाणिकपणे सांगितलं.

असा एक प्राणी प्रत्येक होस्टेलात, प्रत्येक अभ्यासिकेत असतो. ओळखायला सोपा. पाऊस सुरू झाला की बाकीचे दोरीवरचे कपडे काढायला धावतात, हा उशी नीट करतो. वीज गेली की बाकीचे बोटं मोडतात, याच्या चेहऱ्यावर एकदम लग्नघर दिसतं. याच्या खिशात हातभर सुतळी, काड्यापेटी, पेनचाकू आणि टॉर्च असतोच. टॉर्चमध्ये सेल नसतात. का नसतात? तर घालून ठेवले की उतरतात. ऐन प्रसंगी घालता येतात. सेल कुठे आहेत? मनमाडला, घरी.

मनमाड हे कप्तानाच्या आयुष्यातलं पहिलं दुःख. सातवीत असताना त्याने ज्यूल व्हर्नचं 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' वाचलं. फिलिअस फॉग १८७२ च्या ऑक्टोबरात बोटीने मुंबईला उतरतो आणि रात्री आठच्या गाडीने कलकत्त्याकडे निघतो. म्हणजे घाट चढून, नाशिक मागे टाकून गाडी आपल्याच दारावरून जाणार, या आशेने पोरगं पानं उलटत होतं. नाशिक आलं. वेरूळ-औरंगाबादचा उल्लेख आला. मालेगावसुद्धा आलं! मनमाड नाही. ज्या गावाला रेल्वे जात नाही ते गाडीच्या वाटेवर, आणि एवढं मोठं जंक्शन गायब. कप्तानाने त्याच रात्री लेखकाला पत्र लिहायला घेतलं होतं. लेखक १९०५ मध्येच वारला असल्याचं वडिलांनी सांगितल्यावर ते अर्धवट राहिलं.

पुढे त्याने व्हर्नला माफ केलं, कारण सांगून केलं. त्या कादंबरीत रेल्वेमार्ग मध्येच संपतो, पुढचे रूळच टाकलेले नसतात, म्हणून फॉग दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घेतो. प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता मार्ग जबलपूरवरून १८७० मध्येच पुरा झाला होता. "पण रूळ पूर्ण दाखवले तर हत्ती कुठून येणार?" हा कप्तानाचा सवाल. हत्तीसाठी ज्याने पन्नास मैलांचे रूळ उखडले, तो मनमाडसारखं एखादं स्टेशन गाळणारच. मात्र दोन हजार पौंड ही किंमत त्याला अजून पटलेली नाही. मनमाडचा माणूस असता तर आठशेत आणला असता, म्हणतो.

या पुस्तकाचा त्याला रोजच्या जगण्यात फार उपयोग होतो. एकदा देवळाबाहेरून त्याची चप्पल गेली. आपण असतो तर चरफडत घरी आलो असतो. हा अनवाणी, पण छाती पुढे काढून आला. फॉगचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बुटांसकट शिरतो, मार खाऊन बूट तिथेच टाकून पळतो आणि पुढे बऱ्हाणपूरला खोट्या मोत्यांच्या सपाता घेतो. तेच बूट कलकत्त्याच्या कोर्टात पुरावा म्हणून समोर येतात आणि मालक-नोकराचे मिळून दोन हजार पौंड जामिनात जातात. "माझे एकशे ऐंशी रुपयेच गेले," कप्तान म्हणाला. फायदा झाल्यासारखं म्हणाला. त्याच कादंबरीत मुंबईच्या स्टेशनवर फॉगला सशाच्या नावाखाली भलतंच मटण वाढतात, तेव्हा तो हॉटेलवाल्याला विचारतो, की हा ससा मारताना म्यांव म्हणाला नाही ना? आमच्या खाणावळीच्या मावशींना कप्तानाने पनीरबद्दल हाच प्रश्न केला. त्या दिवसापासून आमच्या चौघांच्याही डब्यात पनीर येत नाही.

पुण्याला तो आला तोही फास्टर फेणेमुळे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात विद्याभवनात, बुडाखाली सायकल आणि तोंडात 'टॉक्'. पुण्यात गल्लीगणिक एक टोळी असणार आणि तिला पकडायला माणसं कमी पडत असणार, असा कप्तानाचा हिशेब. दुसऱ्याच रविवारी बस पकडून तो फुरसुंगीला जाऊन आला. तिथे त्याला कचऱ्याचे डंपर भेटले. परतताना चुकीच्या बसमध्ये बसला आणि रात्री साडेनऊला भलत्याच टोकाहून रिक्षाने आला. पेठेत तर तो अजूनही हरवतो. ॲमेझॉनच्या उपनद्या डावीकडून उजवीकडे सांगतो, पण भिकारदास मारुतीवरून खुन्या मुरलीधराला कसं जायचं हे विचारावं लागतं.

नकाशे हा त्याचा जिवापाड जपलेला छंद. जुने ॲटलास, रेल्वेची वेळापत्रकं, एसटीचे गुलाबी-पिवळे तिकिटांचे कपटे, सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. पावसाळ्यात एकदा त्याने आमच्या बिऱ्हाडाचा नकाशा काढला. १८८१ मध्ये स्कॉटलंडातल्या ब्रेमार गावी पाऊस थांबेना, तेव्हा स्टीव्हन्सनने सावत्र मुलाला रमवायला एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' निघालं, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. आमच्या नकाशातून निघाले ते घरमालक काका. गॅलरीला 'कावळ्यांचं भूशिर', सामायिक संडासाकडच्या बोळाला 'प्रतीक्षेची सामुद्रधुनी', काकांच्या दाराला कवटी आणि दोन हाडं. इथवर कौतुकाचं होतं. पण जिन्याखालच्या अडगळीच्या फळीवर लाल फुली होती आणि खाली लिहिलं होतं, 'येथे खजिना. रात्री बारानंतर.'

हा कागद काकांना केरात सापडला. काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर फायलींत ज्या कटाची वाट पाहिली, तो अखेर आपल्याच जिन्याखाली उलगडतोय म्हटल्यावर त्यांना भरून आलं असणार. रात्री बाराला ते काठी घेऊन फळीपाशी दबा धरून बसले. सव्वाबाराला कप्तान आला, बिनसेलचा टॉर्च हातात धरून, चाचपडत. पुढे जे झालं त्याच्या दोन हकिगती आहेत. कप्तानाच्या हकिगतीत तो झेपावला. काकांच्या हकिगतीत तो "आई गं" म्हणाला. खजिना म्हणजे आमच्यापासून लपवलेला डिंकाच्या लाडवांचा डबा, हे मात्र दोघांना मान्य आहे. काकांनी तपासणीसाठी म्हणून तीन लाडू जप्त केले. सकाळी आणखी एक नमुना मागायला आले. तेव्हापासून नव्या खजिन्याची पहिली फुली कुठे आहे, हे आमच्याआधी काकांना कळतं.

आता एवढा साहसी माणूस गडावर तरी जातो का? राजगडाचा बेत त्याने चार वेळा आखला. बेत म्हणजे चार फुलस्केप: कोण किती पाणी घेणार, साप चावला तर कोण पळणार, दोघांनाही चावला तर कोण. चारही वेळा ऐन पहाटे याच्या हातात नवं, म्हणजे फुटपाथवरचं जुनं, पुस्तक होतं. आम्ही गेलो, चिंब होऊन आलो. हा पांघरुणात होता आणि आमच्यापेक्षा जास्त दमलेला होता. सिंहगडावर एकदा आला, तेही पायथ्यापासून जीपने. वर एका झोपडीत पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि कांदाभजी यांचा समाचार घेत, कड्याकडे पाठ करून बसला. कारण विचारलं तर त्याने नाथमाधवांचं नाव पुढे केलं. 'वीरधवल' लिहिणारे नाथमाधव तरुणपणी याच सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून कोसळले आणि कमरेखालून कायमचे अधू झाले. अंथरुणावर पडून वाचन सुरू झालं आणि त्यातून कादंबरीकार उभा राहिला. "म्हणजे बघ," कप्तान भजी मोडत म्हणाला, "कड्यावर जाऊनही शेवटी अंथरुणावरच यायचं. मी मधला टप्पा गाळतो."

हे त्याचं लाडकं तत्त्वज्ञान. साहसकथा खाटेवर जन्मते आणि खाटेवरच वाचायची असते. स्टीव्हन्सन छातीच्या दुखण्याने जन्मभर बेजार. मलायी चाच्यांच्या गोष्टी लिहून इटलीला वेड लावणारा एमिलियो साल्गारी ॲड्रियाटिकच्या पलीकडे कधी गेला नाही. आपले बाबूराव अर्नाळकर हजारावर रहस्यकथा लिहून गेले. एवढे झुंजार आणि काळापहाड लिहायचे तर माणूस खुर्चीवरून उठणार कधी? मला हे तत्त्वज्ञान सोयीचं वाटतं, खरं वाटत नाही. स्टीव्हन्सन तोच फुटका छातीचा भाता घेऊन पार सामोआ बेटांवर जाऊन राहिला आणि तिथेच १८९४ मध्ये वारला. हे मी कप्तानाला सांगितलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "डॉक्टरांनी हवापालट सांगितला असेल रे."

त्याच्या वाचण्याला शिस्त आहे, हे कबूल केलं पाहिजे. चहात बुडवायला ग्लुकोजची बिस्किटं चारच. रॉबिन्सन क्रूसो कपडे उतरवून फुटक्या जहाजाकडे पोहत जातो आणि वर चढल्यावर बिस्किटांनी खिसे भरतो, तिथे पोचला की प्रत्येक वेळी पुस्तक मिटून छताकडे पाहतो. विजार अंगावर होती, असं पुढे लेखकाने सांगितलेलं आहे, पण कप्तान म्हणतो, १७१९ पासून लोक यावर हसताहेत, आपण का बंद करायचं? आणि दुसरं पुस्तक हाताशी असल्याशिवाय पहिल्याची शेवटची वीस पानं वाचायची नाहीत. बेटावरून निघायचं तर पुढची बोट दिसली पाहिजे.

या शिस्तीला एका पुस्तकाने तडा दिला. तीन वर्षांपूर्वी रद्दीच्या भावात घेतलेली एक रहस्यकथा. मुखपृष्ठ नाही, नावाचं पान नाही, कुठल्याशा सर्क्युलेटिंग लायब्ररीचा अर्धा शिक्का. सोळा पानांचे सात फॉर्मे शाबूत आणि शेवटचा गळालेला. पान ११२ वर नायक विहिरीत दोरीला लटकतो आहे. खाली मगर. वर खलनायक, हातात सुरा, दोरीचे दोन पदर कापून झालेले. तिसरा कापण्याआधी तो नायकाला एक गुपित सांगायला तोंड उघडतो आणि पान संपतं.

कप्तानाने त्या दिवसापासून एक वही घातली आहे. सुचेल त्या रविवारी चहानंतर एक नवा शेवट. आधी एकटाच लिहायचा. मग आमच्यातल्या वकिली शिकलेल्याने सदोष मनुष्यवधाचा मुद्दा काढला, कृषी पदवीधराने दोरी अंबाडीची की काथ्याची यावर तासभर घेतला, आणि आम्हीही ओढले गेलो. घरमालक काका खाली बसून ऐकतात आणि मधेच वर ओरडतात, "विहिरीला पायऱ्या असतील बघा!" निकालाच्या रात्रीही आम्ही विहिरीवर बोलत बसलो होतो. प्रत्येक शेवटाला कप्तान गुण देतो. तेवीस शेवट झाले, सात गुणांच्या वर कुणी गेलं नाही. काकांच्या पायऱ्यांना साडेसहा आहेत.

गेल्या दिवाळीत आजोळी मामाच्या माळ्यावर आकाशकंदिलाचा सांगाडा शोधत होतो. पत्र्याच्या ट्रंकेत जुनी पुस्तकं होती. एक चाळलं तर विहीर. दोरी. मगर. आणि पान ११३! वाकून, डोकं वाशाला लावून, मी उभ्याउभ्या १२८ पर्यंत वाचलं. खलनायक हा नायकाचा लहानपणी जत्रेत हरवलेला जुळा भाऊ निघतो. मगर पेंढा भरलेली असते. उरलेली अकरा पानं त्यांची आई रडते.

पुस्तक मी ट्रंकेत परत ठेवलं, वर पंचांगांचा गठ्ठा रचला आणि पुण्याला आलो. पण पोटात राहीना. रविवारी चहानंतर, माझाच म्हणून, तो शेवट सांगून टाकला. जुळा भाऊ, पेंढा, आई, सगळं. खालून काकांचाही आवाज आला नाही. कप्तानाने वही उघडली, चोविसावा क्रमांक घातला, माझं नाव लिहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं खाणावळीच्या मावशींनी त्याच्याकडे पाहिलं होतं.

"दहापैकी दोन," तो म्हणाला. "तेही पेंढ्याला."