पेटी बरोबर आहे

भाचीने पाच नावं मागितली होती. मी सत्तेचाळीस दिली.

शिवाय सूचना. अमुक रेकॉर्ड दिवसाउजेडी ऐकू नये, तमुक मोबाइलच्या स्पीकरवर लावल्यास मामाशी संबंध संपले असं समजावं, ऑर्नेट कोलमनकडे पहिलं वर्षभर फिरकूही नये. चार पानं झाली. बायकोने ती चाळली आणि विचारलं, "हे जॅझ आहे की सत्यनारायणाच्या पूजेचं साहित्य?"

'टाइम आउट' मी मुद्दामच वगळली होती. जे सगळ्यांना आवडतं तेच सुचवायचं, तर सुचवणाऱ्याची शान ती काय राहिली? डेव्ह ब्रूबेक १९५८ साली दौऱ्यावर असताना तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून नऊ मात्रांचा दोन-दोन-दोन-तीन असा ठेका ऐकतो काय, त्याच दौऱ्यात मुंबईत वाजवून जातो काय, आणि पुढच्या वर्षी त्याच ठेक्याने या रेकॉर्डची सुरुवात करतो काय, हे सगळं मला पाठ आहे. पण तिच्यातलं 'टेक फाइव्ह' आमच्या दातांच्या डॉक्टरांकडेही वाजतं. कवळीची मापं देताना जे ऐकू येतं, ते मी शिफारस म्हणून कसं देऊ?

"मामा, मला तेच आवडलं होतं," भाची म्हणाली, "म्हणून तर तुला विचारलं."

मी चष्मा पुसायला घेतला.

"तू कशापासून सुरुवात केलीस?"

"कोल्ट्रेन. 'अ लव्ह सुप्रीम'."

हे मी इतकी वर्षं सांगतोय की अलीकडे मलाही खरं वाटतं. खरी सुरुवात 'अलबेला'. संगीत सी. रामचंद्रांचं, नाचायला भगवानदादा, आणि पडद्यावर खुद्द गोव्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट घेऊन. तो सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता, हे फार पुढे कळलं. 'अलबेला' पाहिला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि आजीच्या मांडीवर बसून शेंगदाणे खात होतो. आता शेंगदाणे खात जॅझकडे वळलो हे चारचौघांत कसं सांगणार? त्यापेक्षा कोल्ट्रेन बरा.

यादीत पहिलं नाव अर्थातच माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चं. इथे मला कुणी थांबवू नये. घरचे थांबवतात.

विशीत ही एलपी मी जुन्या बाजारातून आणली आणि आईच्या पेटीवर रेकॉर्डबरोबर वाजवायला बसलो. 'सो व्हॉट' म्हणजे आपल्या हिशेबाने सरळ काफी थाट: पांढरी दोनला सा धरायचा, मध्ये अर्धा सूर वर काळी दोनवर जायचं, परत खाली यायचं. सोपं. पण जुळेना. माइल्स माझ्यापेक्षा जरासा वर. इतका जरासा की पुढची पट्टी दाबावी तर तो खाली राही. गंमत म्हणजे एलपीची दुसरी बाजू पेटीशी बिनबोभाट जुळायची. यावर मी एक सिद्धान्त मांडला: पहिल्या बाजूला माइल्स मनाच्या उत्कंठेमुळे सूर चढा ठेवतो, दुसऱ्या बाजूला तो निवतो. हा सिद्धान्त मी मित्रांना ऐकवला. दोघांनी वहीत उतरवून घेतला.

मग पेटी घेऊन बुधवार पेठेत एका आजोबांकडे गेलो. त्यांनी भाता हलवला, एकेक सूर कानाने चाचपला. म्हणाले, "पेटी बरोबर आहे हो तुमची."

"तुम्हाला माइल्स डेव्हिस माहीत आहे का?"

"नाही बुवा. पण त्यांची पट्टी एकदा तपासून घ्या."

मी ऐकतोय कसला! तरी घासाच म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग मान खाली घालून रीड घासल्या. पहिली बाजू जुळली. दुसरी बिघडली.

पुढे सीडी घेतली, तेव्हा तिच्या पुस्तिकेत कारण सापडलं. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या रेकॉर्डिंग स्टुडिओतलं टेपमशीन किंचित हळू फिरत होतं. हळू टिपलेलं ठरल्या वेगाने वाजवलं की पळतं आणि पट्टी चढते. त्या दिवशीच्या तिन्ही रचना पहिल्या बाजूला गेल्या. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तेव्हा मशीन ठणठणीत. चूक सुधारली १९९२ साली. म्हणजे तेहतीस वर्षं जग चढा माइल्स ऐकत होतं, आणि बुधवार पेठेतल्या एका म्हाताऱ्याला ते माइल्सचं नावही न ऐकता कळलं होतं. मी धावत गेलो, तर तिथे झेरॉक्सचं दुकान.

आणखी एक गोष्ट मी सहसा सांगत नाही. आईच्या भजनी मंडळात एक दुसरी पेटी होती. मी रीड घासून आणल्यावर त्या दोघींचं पुन्हा कधी जमलं नाही. आई काही बोलली नाही. गुरुवारी टाळ घेऊन जायला लागली.

असो. भाचीने सत्तेचाळीसांतून पियानोवादक बिल एव्हान्सची 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' उचलली. न्यूयॉर्कमधला तळघरातला क्लब, २५ जून १९६१, रविवार. स्कॉट लाफारो बेसवर, वय पंचवीस. पुढचे दोन आठवडेही त्याला मिळाले नाहीत, मोटार अपघातात गेला. समोर लोक खातायत, पितायत, गप्पा मारतायत. ग्लासांची किणकिण रेकॉर्डवर तशीच आहे. काय माणसं! समोर हे घडतंय आणि यांची तोंडं सुरूच. मी हे भाचीला सांगत होतो, शिवाय लाफारोच्या बोटांबद्दल, ड्रमर पॉल मोशनच्या ब्रशांबद्दल, पुन्हा त्या बेशिस्त गिऱ्हाइकांबद्दल. तिने डोळे मिटले होते. मला वाटलं, रंगलीय.

"मामा," ती डोळे न उघडता म्हणाली, "हे रेकॉर्डमधले बोलतायत की तू?"

मी गप्प झालो. बेस चालू होता. मागे कुणीतरी ग्लास ठेवला.