समन्वयक: काकूंची पिशवी

रुग्णकेंद्री, समन्वित प्राथमिक उपचार कसे द्यावेत यावर जगभर परिषदा भरतात. गाझियाबादला त्याची गरज नाही. इथे सगळी व्यवस्था रुग्णाभोवती उभी आहे आणि फिरतो तो रुग्ण. इंदिरापुरममधल्या कोणत्याही काकांचे साखरेचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, गुडघ्यांचे तिसरेच. तिघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांचा समन्वय साधते काकूंच्या हातातली पिशवी, रिपोर्टांनी फुगलेली. सरकारने यावर १४ अंकी ‘आभा’ आरोग्य-खाते क्रमांक दिलाय. तो कार्डावर आहे, कार्ड पिशवीत आहे.

देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने १९४६ साली साधी प्राथमिक आरोग्य केंद्रं सुचवली होती. गावाजवळ दवाखाना, तिथून तालुका, मग जिल्हा, अशी चढती वाट. आज उपकेंद्रांवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी आहे. नवस कुठे बोलायचा, एवढं विचारू नये. वाट मात्र उलटी झाली: सर्दी झाली तरी थेट सुपरस्पेशालिस्ट.

आणि परवडलं नाही तर हद्दीपलीकडचं, दिल्लीचं गुरू तेग बहादूर रुग्णालय. ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली सरकारने तिथल्या ८० टक्के खाटा दिल्लीकरांसाठी राखल्या; नाडीच्या आधी मतदार ओळखपत्र. उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात तो आदेश रद्द केला, आणि डेंग्यूच्या डासाला पहिल्यापासून असलेली सीमा ओलांडायची मुभा गाझियाबादच्या रुग्णालाही परत मिळाली.