झेनच्या पोटात एस्टीम : मालवणी शर्यतवीरांसाठी मार्गदर्शिका

मालवण तालुक्यात मोटारशर्यतीचा ट्रॅक नाही. जिल्ह्यातही नाही. कोल्हापूरला आहे तो गो-कार्टचा. मोटारींचे खरे ट्रॅक कोइंबतूर, चेन्नई आणि ग्रेटर नोएडाला. म्हणूनच ट्रॅकची गाडी बांधायला मालवणाइतकी सुरक्षित जागा देशात दुसरी नाही : इथली गाडी आजवर कुणाकडून हरलेली नाही. इच्छुकांनी पुढच्या पायऱ्या क्रमाने चढाव्यात.

1. गाडी निवडणे

माडाखाली उभी असलेली कुणाची तरी जुनी झेन शोधा. वजन साडेसातशे किलोच्या आसपास, म्हणजे शर्यतीला योग्य. तळाचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. आरपार गेला, तर गाडी हलकी करण्याचं काम खाऱ्या हवेने आधीच हाती घेतलं आहे. मात्र पुढच्या शॉकॲबच्या माथ्याशी गंज दिसला, तर मालकाच्या घरचा चहा पिऊन निघून या.

2. इंजिन निवडणे

अ) एस्टीमचं 1298 सीसी, 16 व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन. ताकद 85 बीएचपी. झेनचं मूळ 993 सीसीचं इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे माउंटिंगला फारशी वेल्डिंग लागत नाही. शहाण्याने यादी इथेच मिटावी.

आ) जिप्सीचं. तेही 1298 सीसी आणि त्याच घराण्यातलं; पण जिप्सीत ते उभं बसतं, झेनमध्ये आडवं. त्याचा गिअरबॉक्स थेट मागच्या सीटची जागा मागू लागतो. स्वस्तात मिळालं म्हणून घेणारे हमखास भेटतात.

इ) 1248 सीसीचं डिझेल. स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांत हेच, म्हणून पार्टची चिंता नाही. पण नाकाशी एवढं वजन आल्यावर वळणावर गाडी सरळच जायचा हट्ट धरते.

ई) ट्रॉलरचं. बंदरावर कुणीतरी हे सुचवणारच. ताकद भरपूर, मात्र ते बसवल्यावर इंजिनात झेन बसवली असं म्हणावं लागेल.

3. गिअरबॉक्स निवडणे

इंजिनाची स्वप्नं सगळ्यांना पडतात, गिअरबॉक्सची कुणाला पडत नाहीत, आणि गाडी अडते ती इथेच. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून एकाच दिवशी उचला. वेगवेगळे आणलेत, तर क्लचप्लेटचे दाते, बेलहाउसिंगचे बोल्ट आणि ॲक्सलची लांबी, तिघं तीन दिशांना तोंड करून बसतात.

नंतर क्राउन-पिनियनचं प्रमाण पाहा. आकडा मोठा असेल, तर गाडी वळणातून झपकन उसळते, पण लांब पट्ट्यावर तिचा दम लवकर संपतो. कोइंबतूरचा ट्रॅक आखूड आणि वळणांचा, तिथे मोठा आकडा. ग्रेटर नोएडाला किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, तिथे लहान. भरड ते बंदर जेटी एवढाच विचार असेल, तर दुसरा गिअर पुरेसा आहे.

ट्रॉलरवाल्यांचा सल्ला इथेही घेऊ नका. त्यांच्या गिअरबॉक्सात पुढे, न्यूट्रल आणि मागे एवढंच असतं.

4. वायरिंग

इंजिनासोबत ईसीयू, पूर्ण वायरिंग आणि चावीसुद्धा मागून घ्या. इमोबिलायझर असलेल्या गाडीचा ईसीयू परक्या चावीला ओळख देत नाही. कुर्ल्याहून इंजिन आणलंत, तर बिल घ्या आणि त्यावरचा नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून पाहा. अर्थिंगचे सगळे जोड घासून, ग्रीस लावून घट्ट करा. इथल्या हवेत इंजिनाआधी तेच मरतात.

5. मेस्त्री

मेस्त्रींना तारीख विचारू नये. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, कौलावर ठरते, हीही तशीच. 1 जूनला मासेमारी बंद झाली की मेस्त्री बोटींच्या इंजिनांत शिरतात, पुढे गणपती येतात, मग दशावतार सुरू होतात. मधल्या काळात ‘‘मेस्त्रीनू, खंयपर्यंत इला?’’ एवढंच विचारावं. ‘‘होतला’’ हे उत्तर पुरेसं मानावं. जे इंजिन पाहून मेस्त्री आपणहून ‘‘होतला’’ म्हणतात, ते वरच्या यादीत कुठेही असो, तेच बरोबर.

6. कायदा

मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 वाचा. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात फेरबदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावलं. एमएच-07 ची पाटी अशा गाडीला वाचवत नाही. म्हणजे सगळं जमल्यावरही ती ट्रकवर चढून फोंडाघाट ओलांडणार आणि कोइंबतूरला उतरणार.

7. खर्च

त्या ट्रकच्या जाऊन-येऊन भाड्यात बहुधा आणखी एक जुनी झेन येईल. ती घ्याच. तिच्या इंजिनाला हात लावू नका. पहिलीचे पार्ट आणायला रोज कुडाळला कशाने जाणार?